रात्री सव्वातीनला मागून कुणीतरी सायकल चालवत होतं. असा अनुभव कुणाला आहे का?

उलटा_वारा (धागाकर्ता)

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. वय ४९, पुण्यात नोकरी, मूळचा कराडचा. सहा वर्षं बीआरएम करतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात, आपलं सामान आपणच वागवत, सायकलनं पुरं करायचं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. वाटेत कंट्रोल असतात, तिथं कार्डावर शिक्का नाहीतर एटीएमची पावती.

फेब्रुवारीत माझी ६०० होती. शनिवारी सकाळी सहाला पुण्यातून निघायचं, हायवेनं खाली संकेश्वरच्या जरा पुढं जायचं आणि तिथनंच माघारी. शुक्रवारी रात्री झोप अशी लागलीच नाही. दोनेक तास डोळा लागला असेल, साडेतीनला गजर. रात्री दहाच्या सुमारास वळसा घेतला. मागचे चौघे निपाणीत जेवायला थांबले, मला थांबलं की थंडी वाजते म्हणून एकटाच पुढं निघालो. कोल्हापूर कधी गेलं ते नीट आठवतही नाही.

किणी टोलनाका सोडला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ पक्की आहे, कारण तिथं पावतीसाठी थांबलो होतो. पुढं वारणेचा पूल. पुलाच्या अलीकडं-पलीकडं ऊसच ऊस, आणि उसाची अशी गार ओल येते अंगावर की जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. पूल ओलांडला आणि लक्षात आलं की मागं कुणीतरी आहे.

'वाटलं' असं म्हणत नाही, कारण वाटणं वेगळं. माझ्या उजव्या खांद्यामागं, दीड-दोन हातांवर, एक सायकलवाला माझ्या वेगानं येत होता. चाकाची टिक-टिक ऐकू येत होती. चौघांतला कुणीतरी असेल म्हणून मी म्हणालो पण, "या की पुढं, हवा किती खाताय माझी." उत्तर नाही. वळून बघितलं, रस्ता मोकळा. लांब उसाच्या एका ट्रॅक्टरचा दिवा, बास. परत तोंड पुढं केलं की हा आहेच.

भीती वाटली नाही. हेच मला सगळ्यात जास्त खटकतंय. उलट बरं वाटलं. हँडलच्या पिशवीत राजगिऱ्याचा लाडू होता, चालवताचालवता एका हातानं तो फोडला आणि हात मागं करून अर्धा त्याच्यापुढं धरला. कुणी घेईना तेव्हा भान आलं. तो अर्धा लाडू तसाच पिशवीत टाकला. सोमवारी बायकोनं पिशवी उघडली तर मुंग्या.

येलूर फाट्याच्या आसपास तो बोलला. एकच वाक्य. "आरं, चेन कोरडी पडलिया. त्याल घाल की लेका."

आवाज कानात नव्हता आणि डोक्यातही नव्हता. मधेच कुठंतरी. पण कुणाचा होता ते त्याच क्षणी कळलं. कराडात मंडईजवळ एक सायकल दुकान होतं, भाड्यानं सायकली मिळायच्या, तासाला आठ आणे. तिथले मिस्त्री. आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं पूर्ण नाव मला आजही माहीत नाही. बारावीनंतर मी पुण्याला आलो, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली, आणि शपथेवर सांगतो, या तीस वर्षांत त्यांची आठवण एकदाही आलेली नाही. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. यायचंच होतं तर ते यायला हवे होते ना?

पेठ नाक्यावर चहाला थांबलो, चेनला तेल घातलं. खरंच कोरडी होती. तिथनं पुढं तो बोलला नाही, टिक-टिकही थांबली, पण होता. कराडच्या कोल्हापूर नाक्यापाशी आलो, उजाडायच्या बेतात होतं, आणि तिथं तो नाही असं झालं. गावात वळला असावा, असं मी मनात म्हटलंसुद्धा. संध्याकाळी सव्वासातला राईड पुरी केली.

बायको म्हणते डॉक्टरला दाखवा. आई म्हणते घराण्याची पुण्याई. पुढच्या महिन्यात १००० आहे, ७५ तासांची. म्हणजे दोन-तीन रात्री. जाऊ का नको? आणि अण्णाच का?

---

दोनचाकी_नाना

पहिलं अभिनंदन, ६०० निघाली.

दुसरं, शिव्या. बाबा रे, २४ तास जागा असलेला माणूस हायवेवर एका हातानं लाडू फोडतो, मागं वळून बघतो, आणि वर विचारतो अण्णा का आले! अण्णांचं सोड. त्या पट्ट्यात फेब्रुवारी म्हणजे गळीत हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूनं रस्त्यावर आलेला. तू वळून मागं बघत असताना पुढं तसली ट्रॉली असती तर हा धागा आम्ही उघडला असता, श्रद्धांजलीचा.

असले प्रकार होतात. रात्रीच्या राईडला मला एकदा मैलाचे सगळे दगड पांढरा सदरा घालून उकिडवे बसलेले म्हातारे दिसत होते. प्रत्येकाला 'राम राम' करत आठ-दहा किलोमीटर गेलो. दुसऱ्या एकाला झाडांच्या जागी गणपतीची मिरवणूक दिसायची, ढोलासकट. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची नव्वद तासांची राईड आहे, तिथं लोक चक्क रस्त्याकडेला चंदेरी कागद गुंडाळून झोपतात. लाज नाही वाटत कुणाला.

आता टिक-टिकबद्दल. किणीपासून पुढं सहापदरीकरणाचं काम चालू आहे, बऱ्याच ठिकाणी उजव्या हाताला सिमेंटचे ठोकळे लावलेत. तुझ्याच सायकलचा आवाज त्यावर आपटून उजव्या बाजूनं, जरा मागून येणार. दिवसा ट्रकच्या आवाजात कळत नाही. रात्री तीनला कळतं.

---

उलटा_वारा

नाना, शिव्या मान्य. पण हे ठोकळ्यांचं पटत नाही. हबची, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या भागाची, टिक-टिक पेडल मारायचं थांबवलं की येते. मी तर पेडल मारत होतो. माझा हब गप्प असताना त्याचा प्रतिध्वनी येईलच कसा?

---

दोनचाकी_नाना

कोरडी चेन. मागच्या लहान पुल्यांवरून फिरताना एखादी कडी अडकत असली की प्रत्येक फेऱ्याला टिक करते. तूच लिहिलंयस, पेठ नाक्यावर तेल घातलंस आणि आवाज थांबला. म्हणजे चेन कोरडी पडलीय हे तुझ्या कानाला वारणेच्या पुलावरच कळलं होतं. तुला कळायला येलूर फाटा आला. निरोप द्यायला कुणीतरी लागत होतं.

---

उलटा_वारा

हे वाचून अंगावर काटा आला, त्या रात्री आला नव्हता तो.

पण मग आवाज थांबल्यावर पेठ नाका ते कराड, तीस किलोमीटर, कोण होतं?

---

तांबडी_वाट

दादा, मी सावंतवाडीकडचा. आमच्याकडे हा प्रश्न कुणी विचारणारच नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ आहे. राखणदार.

गावाच्या सीमेवर त्याची जागा असते, एखादं जुनं झाड नाहीतर नुसता दगड. देऊळ नाही, मूर्ती नाही. वर्षातून एकदा नारळ, कोंबडा, विडी असं ज्याच्या त्याच्या पद्धतीनं. रात्री तो हद्दीतून फिरतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काठीला घुंगरू. गोव्यात यालाच देवचार म्हणतात. वाट चुकलेल्याला आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत आणून सोडतो आणि तिथून पुढं येत नाही. पुढं दुसऱ्याची हद्द. तुमचा माणूस कराडच्या नाक्यावर वळला हे वाचलं आणि मला तेच आठवलं.

मी नववीत असताना शेजारच्या गावच्या जत्रेला दशावतार बघायला गेलेलो. दशावतार म्हणजे रात्रभर, संपताना कोंबडा आरवतो. सोबतचे पोरगे तिथंच मांडवात झोपले, मला घरी आईची भीती, म्हणून मी एकटा मळ्यातून निघालो. दोन्हीकडे भातकापणी झालेले कोपरे, दव पडलेलं, पायांना कणसांची खोडं बोचतायत. मध्यावर आलो आणि मागून पावलं. मी थांबलो की थांबायची. आमच्या व्हाळावर एक साकव आहे, सुपारीची दोन खोडं टाकलेला. तिथं पोचलो आणि पावलं अलीकडेच राहिली. घरी आजी जागी होती. मी सांगितलं तर तिनं ना विचारपूस केली ना अंगारा लावला. चुलीत लाकूड सारत म्हणाली, "भियां नको, राखणदार वांगडा आसा." आणि पेज वाढली.

मी आज औषधाच्या कंपनीत काम करतो, मलाही जागरण आणि मेंदू कळतो. पण त्या दिवशी आजीनं मला डॉक्टरकडे नेलं असतं तर मी रात्रीचा घराबाहेर पडलो नसतो पुन्हा. एवढंच म्हणायचंय.

---

डॉ_निशाचर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात. इथं बसून निदान करत नाही, करूही नये. पण काही गोष्टी विचारतो. हा अनुभव त्या रात्रीपुरताच होता, की नंतर पूर्ण झोप झालेली असताना, दिवसाढवळ्या, पुन्हा आवाज आला? आवाजानं स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगितलं का? कधी फिट, डोक्याला मार, बेशुद्ध पडणं? झोपेच्या, सर्दीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? दारू नुकतीच सोडलीय? त्या दिवशी पाणी आणि मीठ पोटात किती गेलं? यांतलं एकही उत्तर 'हो' असेल किंवा खाण्यापिण्याचं गणित बिघडलेलं असेल तर १००० च्या आधी प्रत्यक्ष डॉक्टरला भेटा. फक्त 'आवाज ऐकू आला' एवढ्यावरून कुणाला वेडा ठरवत नाहीत.

आता 'कोण होतं' याबद्दल, जेवढं ठामपणे सांगता येतं तेवढं.

आपण स्वतःला गुदगुल्या करू शकत नाही, कारण हात हलायच्या आधीच मेंदूनं नोंद केलेली असते की हे मीच करतोय. मनातल्या मनात बोलतो त्यालाही तसाच 'माझं' असा शिक्का लागतो. जागरण, थकवा, ताप, एकटेपणा, एकसुरी रस्ता, यांत तो शिक्का कधीकधी मारायचा राहून जातो. विचार तुमचाच, पण परका वाटतो. आणि परका म्हटलं की त्याला आवाज लागतो, माणूस लागतो.

सोबत कुणीतरी असल्याचा भास याच्या जरा पलीकडचा. २००६ मध्ये जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी अपस्माराच्या एका तरुण रुग्णेच्या मेंदूची शस्त्रक्रियेआधीची तपासणी करत होते. डाव्या कानाच्या वर-मागं असलेल्या मेंदूच्या भागात बारीक वीजप्रवाह दिला की तिला पाठीमागं कुणीतरी असल्याचं जाणवायचं. ती पडून असली की ती सावली पडलेली. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली तर सावलीनंही बसून तिला मिठी मारली. म्हणजे ती सावली तीच होती. आपलं शरीर कुठं आहे, कसं आहे याचा हिशेब मेंदूच्या त्या भागात चालतो, आणि हिशेबात एक माणूस जास्त धरला गेला.

पुढं २०१४ मध्ये याच गटानं लोझानला निरोगी लोकांवर एक प्रयोग केला. डोळे बांधायचे, पुढच्या यंत्राचा दांडा बोटानं हलवायचा, आणि मागचा रोबो तशाच हालचालीनं पाठीला स्पर्श करणार. स्पर्श लगेच झाला तर आपणच आपली पाठ शिवतोय असं वाटतं. अर्ध्या सेकंदाचा उशीर केला तर काहींना मागं माणूस उभा असल्याचं वाटलं. दोघांनी प्रयोग थांबवायला सांगितलं.

तुमच्या बाबतीत अशी गल्लत कशानं झाली? दोनचाकी_नाना यांनी सांगितलेले ठोकळे मला पटतात. पेठ नाक्यानंतर काय, याला माझं उत्तर इतकंच की एकदा मांडलेला पाट लगेच उचलला जात नाही. उजाडलं, ओळखीचं गाव आलं, मेंदू ताळ्यावर आला.

तांबडी_वाट, आपल्या आजींशी माझं भांडण नाही. 'घाबरू नको आणि जेव' हा उपचार मीही सांगतो. माझ्याकडं लोक येतात ते आजी नसलेल्या घरांतून.

---

पानगळ

वाचनमात्र असतो, पण लाडवाचं वाचून राहवलं नाही.

१९३३ मध्ये फ्रँक स्माइथ नावाचा गिर्यारोहक एव्हरेस्टवर एकटा वर चालला होता, जोडीदार आधीच मागं फिरलेला. प्राणवायूची नळकांडी नाही. त्याला सबंध वेळ वाटत राहिलं की दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे. एका जागी थांबून त्यानं खिशातली पुदिन्याची वडी काढली, तिचे दोन तुकडे केले आणि अर्धी द्यायला मागं वळला. तुमचा राजगिरा, त्याचा पुदिना.

शॅकल्टनची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १९१६, दक्षिण जॉर्जिया बेट, तिघे जण छत्तीस तास बर्फाचे डोंगर ओलांडत होते, आणि नंतर कळलं की तिघांनाही आपण चौघे आहोत असं वाटत होतं. लिंडबर्ग १९२७ मध्ये एकट्यानं विमानानं अटलांटिक ओलांडत होता, साडेतेहतीस तास, आदल्या रात्रीची झोपही नाही. त्याच्या मागं विमानात माणसं येऊन बसली आणि त्याला वाटेबद्दल सल्ला देऊ लागली. हे त्यानं सविस्तर लिहिलं ते पंचवीसेक वर्षांनी. तुम्ही महिन्याभरात लिहिलंत, धीट आहात.

पण माझा आवडता जोशुआ स्लोकम. एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, १८९५ ते ९८. अझोर्स बेटांवरच्या लोकांनी त्याला ताजं पांढरं चीज आणि आलुबुखार दिले. पठ्ठ्यानं दोन्ही एकत्र हादडलं, पोटात मुरडा आला, वादळात सुकाणू सोडून खाली जाऊन पडला. शुद्धीवर येऊन बघतो तर सुकाणूवर एक उंच खलाशी उभा. म्हणाला, मी कोलंबसच्या पिंता जहाजाचा वाटाड्या. आणि पुढं काय बोलावं या चारशे वर्षं जुन्या माणसानं? चीज आणि आलुबुखार एकत्र खाल्लंस ते चुकलंच तुझं.

मला यातलं हेच खरं वाटतं. बनवून सांगणारा माणूस वाटाड्याच्या तोंडी काहीतरी भारी घालेल. आपल्या तुकोबांच्या स्वप्नात नामदेव आले ते पांडुरंगाला सोबत घेऊन, आणि कविता करण्याचं काम सांगून गेले. तुमच्या वाट्याला चेनचं तेल. ज्याची त्याची पायरी. :)

---

मोगरा६२

भाऊ, मी कधी लिहीत नाही. टायपिंग सावकाश आहे, चुका समजून घ्या.

आमचे हे जाऊन साडेतीन वर्षं झाली. डोंबिवलीला राहते, दुसरा मजला. संध्याकाळी सहा चाळीसला खाली स्कूटर स्टँडवर चढवल्याचा आवाज येतो. दुसऱ्या कुणाची नाही, ह्यांचीच. ह्यांच्या स्कूटरचा स्टँड वाकडा होता, दोनदा खडखड होऊन मग बसायचा. स्कूटर आम्ही विकली त्याच वर्षी. आवाज आला की मी गॅसवरचा चहा एक कप वाढवते, अजून. मग लक्षात येतं.

मुलाला सांगितलेलं नाही. तो काळजी करेल आणि मग मला पुण्याला घेऊन जाईल. मला जायचं नाही.

मला तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की माझ्याकडं आधी आवाज येतो, मग हे येतात. हे आधी कधीच येत नाहीत. तुमच्या अण्णांचं काय ते तुम्ही बघा.

डॉक्टरसाहेब, मला ते बंद व्हायला नको आहे. हे चुकीचं आहे का?

---

डॉ_निशाचर

मोगराताई, अजिबात नाही. १९७१ मध्ये रीस नावाच्या एका डॉक्टरनं वेल्समध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना भेटून हेच विचारलं होतं. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचा काही ना काही भास होत होता, आणि सगळ्यांत जास्त आढळला तो नुसता सोबत असल्याचा. बहुतेकांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आणि त्यातल्या पुष्कळांना त्याचा आधारच वाटत होता.

झोप लागते ना, जेवण जातं ना, बाहेर येणंजाणं आहे ना? मग चहा वाढवा. फक्त मुलाला एकदा सांगून टाका, तुमच्या शब्दांत. त्याला दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं.

---

दोनचाकी_नाना

ताई, दंडवत.

उलट्या वाऱ्या, १००० बद्दल. जायचं तर जा, पण झोपेचा हिशेब आधी कागदावर मांड. दोन्ही रात्री किमान साडेतीन तास, पलंगावर, बूट काढून. ७५ तासांत ते बसतं, मी बसवलंय. मधे डोळे ओढायला लागले की पेट्रोल पंप बघ, पंधरा मिनिटांचा गजर लाव आणि बाकड्यावर आडवा हो. रात्री एकट्यानं चालवायचं नाही, थंडी वाजली तरी. आणि कुणी मागं आहे असं वाटलं की वळून बघायचं नाही, डावीकडं घेऊन थांबायचं. असेल तर तोही थांबेल.

---

उलटा_वारा (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

डॉक्टर, तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं 'नाही'. फक्त मिठाचं गणित चुकलेलं असणार, कोल्हापूरनंतर नुसतं पाणी पीत होतो. तरी बायकोच्या समाधानासाठी आमच्या डॉक्टरांना भेटून आलो. रक्त तपासलं, साखर, मीठ, थायरॉइड, सगळं जागच्या जागी. ते म्हणाले, झोपा. दोनशे रुपये घेतले.

मोगराताई, तुमचा प्रतिसाद मी त्या रात्री चारदा वाचला. आधी आवाज, मग माणूस. मी उलटं धरून बसलो होतो. अण्णा आले आणि त्यांच्या सायकलची टिक-टिक आली, असं.

अण्णांच्या दुकानात तेलाची एक पत्र्याची कुप्पी होती. खाली पसरट बूड, वर लांब चोच. बुडाला अंगठ्यानं दाबलं की आतला पत्रा आत-बाहेर होतो आणि टिक-टिक वाजतं. एक टिक, एक थेंब. चेनच्या प्रत्येक कडीला एक. मी फळीवर बसून पेडल हातानं उलटं फिरवायचो आणि ते तेल घालायचे. त्याबद्दल अर्धा तास सायकल फुकट. पाचवी-सहावीत असताना जवळजवळ दर रविवारी. तो आवाज मी हजारो वेळा ऐकला असेल. बाबांचा माझ्या सायकलशी काही संबंध नव्हता, ते कशाला येतील वारणेच्या पुलावर.

हे आठवल्यावर गेल्या रविवारी एसटीनं कराडला गेलो. सायकलनं नाही, मुद्दाम. मंडईजवळची ती ओळ बदलली आहे, दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान. पण उंबऱ्याशी फरशीत ते लोखंडी कडं अजून आहे, ज्याला भाड्याच्या सायकली साखळीनं बांधायचे. मोबाईलवाला पोरगा विशीतला. म्हणाला, मिस्त्री आजोबा दुकान विकून इचलकरंजीला लेकीकडं गेले, त्याला बरीच वर्षं झाली. मी तिथंच उभा राहिलो जरा वेळ. त्यानं विचारलं, "कोण तुम्ही त्यांचे?" मला काही सांगता येईना. गिऱ्हाईक, म्हणालो.

त्याच्या वडिलांकडं लेकीचा नंबर होता, तो मिळाला. आहेत का नाहीत, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

१००० चे पैसे भरलेत. नानांचा झोपेचा तक्ता छापून हँडलच्या पिशवीला चिकटवलाय. तो नंबर फोनमध्ये 'अण्णा मिस्त्री, इचलकरंजी' म्हणून ठेवलाय, अजून लावलेला नाही.

---

तांबडी_वाट

लावा.